नऊ परसांचा आड

माझ्या थोरल्या भावाचे लग्न एका इंग्रजी शब्दाने जवळजवळ मोडले होते, आणि तो शब्द हैद्राबादेहून घरी मीच आणला होता.

शब्द होता डेप्थ. आमच्या प्रोफेसरांनी माझ्या निबंधाखाली तांबड्या शाईने लिहिले होते की यात डेप्थ नाही. अकरा ताव लिहिले होते मी. अकरा तावांत एवढीशी वस्तू सापडत नाही म्हणजे काय? पण मी घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. प्रोफेसरांना उलट विचारायची हिंमत नव्हती (आजही नाही). म्हणून सगळा राग शब्दकोशावर काढला. त्या एका शब्दाच्या अर्थांनी कोशाचे अर्धे पान भरले होते. ते सगळे मी वहीत उतरवले आणि समोर आपले शब्द मांडले: खोली, गहिरेपणा, गांभीर्य, अथांगपणा. निजामाच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दूतून शिकलो असल्यामुळे गहराईही जोडली. सुट्टीला आष्टीकडच्या आमच्या गावी आलो तेव्हा माझ्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. विचार खोल, विद्या खोल, प्रेमही खोल. थोर लोकांचे जे जे म्हणून असते ते खोलच असते. त्याअर्थी खोल ते चांगले.

घरात वेगळीच गडबड होती. किसनभाऊसाठी सिंदफणेच्या काठचे पाहुणे घर बघायला येणार होते. याआधी त्याच्या दोन सोयरिकी मोडल्या होत्या, आणि दोन्ही आमच्या अंगणातल्या आडापाशी. आमच्याकडे मुलीचा बाप शेत नंतर बघतो, आधी आडात डोकावतो, कारण ते पाणी जन्मभर त्याच्या लेकीला हाताने ओढून शेंदायचे असते. पहिले दोन बाप डोकावले आणि गूळपाणीसुद्धा न घेता चालते झाले. भाऊची पंचविशी उलटली होती. या खेपेला फिसकटले तर चौथा बाप आमच्या दारी येणार नाही, हे त्यालाही कळत होते.

म्हणून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बंदोबस्त केला. सकाळीच सगळ्या घागरी भरून घेतल्या, आडाचा दोर कडब्याच्या गंजीत लपवला, आडावर फळ्या टाकल्या आणि फळ्यांवर वाकळा वाळत घातल्या. मग मला हाक मारली.

"नामा, पाव्हण्यानं पान्याचं काढलं तर काय म्हनशील?"

"खरं तेच सांगीन, आबा."

"खरं सांगायला मी हाय. तू कालेजातलं कायतरी बोल. शिकलेला भाऊ दिसला की मानसं दबत्यात."

मला बोलायची परवानगी दिली, ही आबांची चूक. हे मी त्यांना पुढे अनेकदा समजावले. त्यांना पटले नाही.

पाहुणे आले. मुलीचे वडील रंगनाथराव हा कमी बोलणारा माणूस. तांब्यातले पाणी प्यायले आणि म्हणाले, "पानी गोड हाय."

"हाय तर," आबा म्हणाले.

"किती परसावर?"

हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस; आड याच मापाने मोजायचा. आबांना खोकला आला. खोकला आवरल्यावर ते म्हणाले, "हा आमचा धाकटा. हैद्राबादेला असतो."

रंगनाथराव माझ्याकडे वळले. "मग तुमी सांगा. किती?"

दैव असे, की शब्द प्रत्यक्ष समजावा म्हणून आदल्याच दिवशी मी दोराला दगड बांधून आड मोजला होता. आड आजोबांनी खणलेला, आणि त्यांच्या परसाने तो सात. पण आजोबा दारातून वाकून ये-जा करणारे गृहस्थ होते. मी मापाला धरला माझा परस, आणि घरात सर्वांत बुटका मी.

"नऊ," मी अभिमानाने म्हणालो.

मिशीवर गेलेला आबांचा हात तिथेच राहिला.

"नऊ?" रंगनाथराव म्हणाले. "आमच्याकडं वाळू हातानं उकरली की तांब्या बुडतो."

मला वाटले, बिचारे स्वतःच्या पाण्याबद्दल ओशाळले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "तुमचं उथळ असलं तरी हरकत नाही. आमचा मात्र खोल आहे. गहिरा. खरं तर अथांग." (नऊ परस मोजलेल्या आडाला अथांग म्हणता येत नाही, हे आता कळते. पण वहीत तो शब्द पुढचा होता.)

"अथांग म्हंजी?"

"तळच लागत नाही."

माजघरातून मायच्या बांगड्या जोरात वाजल्या. मी ती दाद समजलो.

"आनि बाईमानूस पडलं तर?"

"सापडणार नाही," मी म्हणालो. शब्दाशी प्रामाणिक राहायचे तर दुसरे उत्तर नव्हते.

रंगनाथराव उठून वहाणा शोधू लागले. "लेक द्यायला आलतो. बुडवायला न्हाई."

दाराशी उभा असलेला भाऊ तीन सोयरिकींचा राग साठवून माझ्याकडे आला. "बे, तुला देवानं तोंड दिलं कावून?"

"मी आड झाकला," आबा दात खात म्हणाले, "अन् यानं तोंड उघडलं."

आता मात्र मलाही राग आला. आधी प्रोफेसर, आता घरचे. एक म्हणतो खोल नाही म्हणून वाईट, दुसरा म्हणतो खोल आहे म्हणून वाईट. माणसाने जायचे कुठे? मी ठणकावून सांगितले, "खोल असणं हा दोष नाही. जगातल्या सगळ्या मोठ्या ग्रंथांत..."

रंगनाथराव उंबऱ्यावरून मागे फिरले. "दोष न्हाई म्हनता? मग शेंदा एक घागर."

मी तावातावाने वाकळा फेकल्या आणि फळ्या ओढल्या. पण दोर कुठे? सगळे आबांकडे बघू लागले. आबा मुकाट्याने कडब्याच्या गंजीकडे गेले आणि दोर उपसू लागले. उपसला, उपसला, तरी तो संपेना. रंगनाथराव शेवटच्या टोकापर्यंत नुसते बघत होते.

आमच्या आडाला रहाट नव्हता. काठावर उभे राहून हाताने ओढायचे. पहिला पोहरा वर येईपर्यंत माझे तळवे सोलले; शिवाय भिंतींवर आपटत आल्यामुळे त्यात पाणी निम्मेच. दुसऱ्याला हातांना फोड आले. तिसऱ्याला दोर निसटला, आणि तो पकडायला मी कमरेपर्यंत आत गेलो. भाऊने मागून धोतर धरले म्हणून मी वाचलो. (धोतराचे सांगत नाही.) कोटाच्या खिशातली अर्थांची वही मात्र गेली. ती गेल्यावर खालून आवाज यायला इतका वेळ लागला, की रंगनाथरावांनी मान डोलावली.

"पोरगं खोटं बोलत न्हाई. खोल हाय खरा."

मग माझ्या अवताराकडे बघून ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि वहाणा पुन्हा काढून ओट्यावर बसले. "लेक देतो. पन एक अट हाय. रोजचं पानी नवऱ्यानं शेंदायचं, अन् सुट्टीत या कालेजवाल्यानं."

"कबूल," भाऊ म्हणाला. आबांनी अजून तोंडसुद्धा उघडले नव्हते. मला तर कोणी विचारलेच नाही.

फोडांच्या हातांनी मी हैद्राबादेला परतलो आणि आमच्या आडावर एक ताव निबंध लिहिला. एवढा अनुभव ओतल्यावर आता तरी, असे वाटले होते. प्रोफेसरांनी लिहिले: डेप्थ नाही, शिवाय अक्षर बिघडले आहे.

पुढच्या सुट्टीत हा सगळा अन्याय मी नव्या वहिनीला सांगितला. प्रोफेसरांपासून वहीपर्यंत, एकही अर्थ न गाळता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "भावजी, लई खोल बोलता तुमी."

जे प्रोफेसरांना दोनदा सापडले नाही, ते हिला एका बैठकीत दिसले. मला भरून आले. मी पुढे सांगणार, तेवढ्यात तिने रिकामी घागर माझ्यापुढे सरकवली आणि दोर हातात दिला.