बोडीखालच्या वावराची वाट

लग्न होऊन आले तेव्हा मला हे गाव आवडलं नव्हतं, आणि आजही आवडत नाही. माझं माहेर आंधळगावचं. तिथं बाजार भरतो, दवाखाना आहे, संध्याकाळी रस्त्यावर माणसं दिसतात. इथं करडी गावाच्या पुढं आत वळलं की डांबर विरत जातं, जंगल सुरू होतं, आणि जंगल जिथं थोडं मागं सरकतं तिथं आमचं गाव. दुकान एकच, तेही मालकाच्या मर्जीनं उघडणारं. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, आणि मधल्या दिवसांत तरणी माणसं नागपूर नाहीतर हैदराबादच्या वाटेला. बी.ए. झालेली सून मिळाली म्हणून सासऱ्यांना मोठा आनंद होता. त्या बी.ए.चा उपयोग पुढं एकदाच झाला, तो तहसीलात अर्ज लिहिताना.

गाव आवडत नसलं तरी वावर मला आवडतं. गावामागं एक बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव, आणि तिच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या भिंतीखाली, आमच्या बांध्या, धानाची खाचरं. भर उन्हाळ्यातही तिथली माती पायाला गार लागते. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा रस्त्याकडची बाजू दिराला दिली आणि बोडीला लागून असलेली आतली आम्हाला. आमची बैलगाडी, आणि पुढं भाड्यानं आणलेला ट्रॅक्टर, दिराच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, कडेकडेनं आत जायचा. ही वाट कुठं लिहिलेली नव्हती. दोन भावांमध्ये ती लिहून घ्यावी असं तेव्हा कोणाला वाटलं नाही.

मग तो व्हिडिओवाला आला. मोटारसायकल, पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी, तिशीतला माणूस. पाणी मागितलं. मी पाणी दिलं, नवरा म्हणाला म्हणून चहाही दिला. त्यानं बोडीवरून ड्रोन उडवला, तशी आमची म्हैस दावं तोडून पळाली. काही दिवसांनी नवऱ्यानं मोबाइलवर तो व्हिडिओ दाखवला. नागपूरपासून लांब नाही, हवा शुद्ध, जमीन स्वस्त, येत्या काही वर्षांत इथल्या मातीला सोन्याचा भाव येणार, असं तो माणूस आमच्या पाळीवर उभा राहून सांगत होता. मध्येच मी दिसले, हातात कप घेतलेली. वर त्याचा आवाज : "इथली माणसं अगदी साधीभोळी आहेत."

"चांगला तं बोलला," नवरा म्हणाला.

"माह्या घरचा चहा पिऊन माह्याच दारचा भाव करून गेला," मी म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी गाड्या यायला लागल्या. आमचं घर गावात शिरताना पहिलं, म्हणून काच खाली करून मलाच विचारायचे, "मावशी, इथं कोणी जमीन विकतं का?" मी नाही म्हणायचे. एका बाईनं विचारलं, इथं लाईट जाते का हो? मी म्हटलं, येतच नाही तर जाईल कुठून. ती हसली आणि तिनं माझा फोटो काढला. त्या दिवसापासून गाडीचा आवाज आला की मी दार लावून घ्यायचे. गावातले बाकीचे मात्र बाहेर यायचे, खुर्च्या टाकायचे, वावरं दाखवायला पुढं चालायचे.

दिरानं जमीन विकली हे मला त्याच्याकडून कळलं नाही. सकाळी वावरात गेले तर धुऱ्यावर सिमेंटचे खांब उतरवणं चाललं होतं. मी तशीच चिखलाच्या पायांनी त्याच्या अंगणात गेले.

"काहून इकली?"

तो दात घासत होता. चूळ भरून म्हणाला, "माही होती, इकली."

"आमाले एक शब्द नाई सांगतला?"

"सांगतलं असतं तं तुमी इकू देल्ली असती का, वयनी?"

"नसती."

"मंग?" तो म्हणाला. "धान पिकवून काय भेटते? रानडुकरं खातात, उरलं तं आपन खातो. दोन पोरी हायेत मले. शिकवाचं नाई का त्याहीले?"

पोरींचं तो खोटं बोलत नव्हता. पण राग काही कमी झाला नाही. माझी धाकटी जाऊ दारात उभी राहून ऐकत होती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघींनी एकाच ओळीत वाकून रोवणा, धानाची लावणी, केला होता. एकीची पाठ भरून आली की दुसरीनं तिचा वाटा उरकायचा. त्या सकाळी मी तिच्याकडं पाहिलंही नाही.

घेणारा नागपूरचा, बांधकामाच्या धंद्यातला. बोलायला गोड. त्यानं चहूकडून तारेचं कुंपण घातलं, रस्त्याकडं लोखंडी गेट बसवलं, आत टाइल्सचं घर बांधलं. दिराला राखणदार म्हणून ठेवलं आणि जावेला स्वयंपाकाला. ज्या मातीत तो मालक होता तिथंच आता युनिफॉर्म घालून फिरायला लागला. जाऊ मात्र खुश होती. दर महिन्याला पगार, पाठ वाकवायची नाही, चिखल नाही. शनिवारी साहेबाचे दोस्त यायचे, गाणी लावायचे, बाटल्या आमच्या बांधीत फेकायचे. मी त्या गोळा करून कुंपणावरून परत आत टाकायचे. दुसऱ्या दिवशी जाऊ आतून काच झाडताना दिसायची.

रोवण्याचे दिवस आले. धानाचे पऱ्हे, लावायची रोपं, तयार होते, बोडीत पाणी होतं. चिखल करायला ट्रॅक्टर सांगितला. तो गेटपाशी येऊन थांबला. गेटला कुलूप. आत जाऊ उभी, किल्ली कमरेला.

"उघड वो," मी म्हणाले.

"साहेबानं सांगतलं हाय, बाई. ट्रॅक्टर अंदर येऊ देऊ नोका म्हनून. पाळीवरून पायी जा पायजे तं."

"पायी जाऊन का मी नखानं चिखल करू?"

"मी काय करू? मी नोकर हावो."

"फोन लाव त्याले."

तिनं लावला आणि गजातून मोबाइल माझ्या हातात दिला. साहेब अगदी शांतपणे बोलला. आत नवीन लॉन लावलंय, ट्रॅक्टरनं खराब होईल, म्हणाला. मग म्हणाला, "ताई, कशाला एवढा त्रास घेता? तुमचा तुकडाही देऊन टाका की मला. आत अडकलेल्या जमिनीला तसंही कोण विचारणार?"

तेव्हा मला गेटचा अर्थ कळला. लॉन बिन काही नव्हतं. वाट बंद केली की आतली जमीन मातीमोल होते, आणि मातीमोल झाली की ती घ्यायला तोच एकटा उरतो. मी मोबाइल जावेला परत दिला आणि म्हटलं, "तू त्याची चूल पेटवतं का आमची चिता?" ती आत निघून गेली.

त्या वर्षी पाळीवरून कशीबशी बैलजोडी उतरवली. रोवणा उशिरा झाला, धान हलकं भरलं. कापणीनंतर बाया भारे डोक्यावर घेऊन सगळी पाळ फिरून रस्त्यापर्यंत जायच्या. जास्त मजुरी मागितली. त्यांच्या जागी मी असते तर मीही मागितली असती.

तहसीलात वाटेसाठी अर्ज करायचं ठरवलं तेव्हा नवरा अंगणात डोकं धरून बसला. "भाऊ हाय माहा," म्हणाला.

"मंग भावालेच सांग कुलूप काढाले."

तो गेला नाही. अर्ज मीच लिहिला, तारखांना मीच गेले. गावात कोणी माझ्या बाजूनं सांगायला तयार नव्हतं. कोणाचं वावर विकायचं होतं, कोणाचा पोरगा साहेबाच्या साइटवर लागला होता. दुकानदार तोंडावर म्हणाला, "तुमच्या या भांडनापाई गिऱ्हाईक येनं बंद झालं तं गाव तुमाले माफ नाई करनार." मी म्हटलं, माफी मागायला आलीच नाही, तेल द्या.

जागेची पाहणी करायला तहसीलातून अधिकारी आले, तेव्हा अर्धं गाव गेटपाशी जमलं होतं. नागपूरचा मालकही आला होता, पांढरे बूट घालून. अधिकाऱ्यांनी दिराला विचारलं, "पूर्वी यांची गाडी इथून जात होती का?"

दीर जमिनीकडं पाहत राहिला. मालक त्याच्याकडं पाहत होता. मग दीर पुटपुटला, "आता... याद नाई, साहेब." माझा नवरा बाजूलाच उभा होता. सख्ख्या भावाचं ते बोलणं ऐकून त्यानं तोंड फिरवलं.

गर्दीच्या मागून जावेचा आवाज आला. हात पिठाचे होते, स्वयंपाकातून उठून आली होती.

"जात होती. याच धुऱ्यावरून. धानाच्या गाडीवर बसून मी सोता घरी येत होतो."

मालक म्हणाला, "बाई, तुम्ही आत जा."

"पगार तुमी पोया लाटाचा देता, साहेब," ती म्हणाली. "लबाड बोलाचा नाई देत."

वाट मोकळी करायचा हुकूम झाला. कुंपण एका बाजूनं काढावं लागलं. पुढच्या रोवण्याला ट्रॅक्टर आत गेला तेव्हा मी त्याच्यापुढं चालत गेले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं.

पण त्याआधीच मालकानं दोघांनाही कामावरून काढलं होतं. जमीन गेलेली, नोकरी गेलेली. दीर बायको-पोरींना घेऊन नागपूरला गेला, कुठल्याशा बिल्डिंगवर राखणदारीला. मालकही पुढं फारसा फिरकला नाही. इतर गाड्याही कमी झाल्या. त्या माझ्यामुळं कमी झाल्या की लोकांचं मन दुसऱ्या गावावर गेलं, कोण जाणे. गावानं ठरवून टाकलंय की माझ्यामुळंच. रोवण्याला इथल्या बाया येत नाहीत, मी दुसऱ्या गावाहून आणते. हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. मीही जात नाही.

दिवाळीनंतर जाऊ घरातली भांडी न्यायला आली. ऑटो दारात उभा होता. मी एका पोत्यात नवे तांदूळ भरून तिच्या ओसरीवर नेऊन ठेवले.

"नोको," ती म्हणाली.

"पोरीसाठी घे."

"पोरीले मी इकत घेऊन खाऊ घालतो." तिनं पोतं पायानं जरासं माझ्याकडं सरकवलं. "आन एक सांगतो, बाई. त्या दिवशी मी तुमच्यासाठी नाई बोलली. तसं समजू नोका. तुमी मले चिता पेटवनारी म्हनलं होतं."

"म्हनलं होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी तू गेटाच्या अंदर उभी होती."

"आन तुमी कवा बाहेर उभ्या रायल्या होत्या माह्यासाठी? माही जमीन गेली तवा तुमाले काहून नाई सांगतलं, ते इचारलं. मले कायचं दुखते, ते नाई इचारलं."

ती भांड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ऑटोत बसली. मी पोतं उचलून घरी आणलं.

"काय म्हनत होती?" नवऱ्यानं विचारलं.

"काई नाई."

तो उठला, भावाच्या बंद घराच्या ओट्यावर जाऊन बसला आणि जेवायला हाक मारली तरी आला नाही. मी माझं ताट वाढून घेतलं. खालच्या बांधीतलं धान कापायचं राहिलं होतं, सकाळी लवकर निघायचं होतं.