शंभरपैकी चौसष्ट

भैय्यालाल निमजे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या टकलावर झाली. पुतण्यासाठी बॅट घ्यायला मी त्यांच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो होतो. उंबऱ्याशी चपलेचा पट्टा सोडायला वाकलो आणि वरून चेंडू आला. तो साधा टेनिसचा चेंडू होता असं ते सांगतात. माझ्या मते तो तोफेतून सुटला होता. माझ्या डोळ्यांसमोर भंडारा जिल्ह्यातली सगळी तळी एकदम चमकली, वैनगंगा क्षणभर उलटी वाहिली आणि वरठीच्या स्टेशनात उभी असलेली मालगाडी त्या दणक्याने हातभर मागे सरकली. भानावर आलो तेव्हा पांढऱ्या पायजम्यातला एक किरकोळ माणूस एका हाताने माझं डोकं दाबून धरत होता आणि डोळे बारीक करून चौकटीवर काहीतरी वाचत होता.

“हलू नका जी,” ते म्हणाले. “मोजून राहिलो.”

मोजून झालं. चेंडू त्यांनी उचलला आणि कोपऱ्यातल्या टोपलीत फेकून दिला. “मेलेला हाय. अर्ध्यावरही नाही आला.”

माझी विचारपूस झाली नाही. चेंडूबद्दल मात्र त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

पुढे मैत्री झाली आणि प्रकार कळला. भैय्यालालजी विणकरांच्या घरातले. वडिलांचे हातमाग थांबले, तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं, पण मोजायची खोड रक्तातली. कापड मोजायचा लाकडी मीटर त्यांनी दाराच्या चौकटीला उभा ठोकला होता. खाली दगडी फरशी. प्रत्येक चेंडू मीटरच्या टोकावरून, शंभरावरून सोडायचा. साठाच्या वर उसळला तर त्याच्यावर निळा शिक्का: ‘निमजे, पास’. हा शिक्का पूर्वी लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर बसायचा. साठाच्या खाली राहिला तर टोपली. मोहाडी तालुक्यातली कुठलीही क्रिकेट स्पर्धा या शिक्क्याशिवाय सुरू होत नसे. गोंदिया वेगळा झाला तेव्हा अर्ध्या स्पर्धा तिकडे गेल्या, याचं दुःख त्यांना सात-आठ वर्षांनीही होतं. जिल्हा फोडण्याआधी कोणीतरी त्यांना विचारायला हवं होतं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मी विचारलं, “इथे पास झालेला चेंडू मैदानावर नापास झाला तर?”

“कसा होईल?” ते म्हणाले. “लुगडं दुकानात नऊ वार भरलं तर घरी नेल्यावर आठ वार होते का?”

 याचं उत्तर मला करडी गावात सापडलं.

करडीची स्पर्धा जानेवारीत असते. धान कापून झालं की एका बांधीतली, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यातली धसकटं उपटतात, माती चोपतात आणि खळं सारवावं तशी खेळपट्टी शेणाने सारवतात. सारवणाचा मान मनकर्णाबाईंचा. पंचाहत्तरीची बाई, पण त्यांच्या हातानंतर पट्टीवर कोणी चपलेने पाय ठेवत नाही. त्या वर्षी अंतिम सामना करडी आणि वरठीचा होता. वरठीची पोरं कारखान्यातली, त्यांचा सराव सिमेंटवर. त्यांचा कप्तान भूषण. त्याने छातीशी येणाऱ्या चेंडूसाठी बॅट उचलली आणि चेंडू घोट्याजवळून जाऊन दांडी उडवून गेला. त्याच्यामागे आणखी चौघे असेच गेले. वरठी हरली.

दुसऱ्या दिवशी भूषण सामन्यातला चेंडू घेऊन मोटारसायकलवरून थेट दुकानात.

“काकाजी, शिक्का चेंडूले मारता का डोळे मिटून कुठंही मारता?”

भैय्यालालजींनी तोच चेंडू शंभरावरून सोडला. चौसष्ट. पुन्हा सोडला. चौसष्ट.

“हे काय मंग?” ते म्हणाले. “तुले खेळता येत नसन तर शिक्क्याले कायले बोलतो?”

भूषण ऐकणारा नव्हता. स्पर्धा मंडळाने तोडगा काढला: रविवारी करडीच्या पट्टीवर चेंडू मोजून दाखवावा, नाहीतर निमजेंचा शिक्का बंद. भैय्यालालजींचं जेवण कमी झालं. वडिलांच्या गठ्ठ्यांवरचा शिक्का आपल्या हातून बाद होतो की काय, या धास्तीने ते दिवसभर चेंडू सोडत बसले.

त्यांची मुलगी रेणू बीएस्सीला होती. तिने दोन दिवस हा टपटपाट ऐकला आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन समोर बसली.

“बाबूजी, उसळी एकट्या चेंडूची नसते. जो आपटतो आणि ज्याच्यावर आपटतो, त्या दोघांची मिळून असते.”

“मंग शिक्का काय जमिनीवर मारू?”

“आधी ऐका तर. चेंडू किती वेगानं आपटला आन किती वेगानं परतला, हे पाहायचं. परतीचा वेग भागिले आपटायचा वेग. तो आकडा म्हणजे खरी उसळी. आपल्यापाशी वेग मोजायचं यंत्र नाही, म्हणून उंची मोजायची, भागाकार करायचा आन वर्गमूळ काढायचं. चौसष्ट भागिले शंभर, वर्गमूळ शून्य पूर्णांक आठ.”

भैय्यालालजींनी वही ओढून घेतली आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. “म्हणजे शंभरात ऐंशी. चेंडू आला चौसष्टावर. वरचे सोळा मार्क कोणाच्या घरचे?”

“घरचे नाही, वर्गमूळाचे. वेग दुप्पट झाला तर उंची चौपट होते, म्हणून उलटं येताना वर्गमूळ.”

“तुमच्या कॉलेजात लय ढिला कारभार हाय बापा,” ते म्हणाले. पण चौकटीवरचा मीटर त्यांनी उचकटला. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.

रविवारी मी स्कूटर चालवत होतो आणि मागे ते मीटर भाल्यासारखा धरून बसले होते. रेणू आधीच पोचली होती. सारवलेल्या पट्टीवर मीटर उभा केला, गाव गोळा झालं. शिक्क्याचा चेंडू सोडला: छत्तीस. भूषण हसला. मग रेणूने त्याच्याच खिशातला, नागपूरहून आणलेला कोरा चेंडू मागून घेतला. तोही छत्तीस. हसू थांबलं. तिने मनकर्णाबाईंच्या अंगणातला धुण्याचा दगड आणवला. त्यावर दोन्ही चेंडू चौसष्टावर गेले.

“दगडावर शून्य पूर्णांक आठ, इथं शून्य पूर्णांक सहा,” रेणू म्हणाली. “चेंडू तोच हाय.”

“छत्तीसचे साठ?” भैय्यालालजी माझ्या कानात पुटपुटले. “या पट्टीले तर चोवीस मार्क वाढवून दिले.”

पण गर्दीला मुद्दा कळला होता, आणि मनकर्णाबाईंना जरा जास्तच. “म्हणजे खोट माह्या सारवणात हाय का?”

“खोट नाई बाई,” भैय्यालालजी घाईने म्हणाले. “तुमची जमीन चेंडूचा जोर जिरवून घेते.”

“मंग बेस हाय. पाहुण्यानं इतकं उसळायचंच काहून?”

यावर भूषणसुद्धा हसला. मंडळाने शिक्का निर्दोष ठरवला. परतताना भैय्यालालजी इतके खूश होते की स्कूटरवर मागे बसून मीटरने झाडांची उंची मोजत होते.

त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले. हातात टोपलीतला जुना चेंडू होता, त्यावर ताजा निळा शिक्का. “फरशीवर पाहिला. बासष्ट आला,” ते म्हणाले. “त्या दिवशी याच्यावर अन्याय झाला. मऊ तुमचं डोकं होतं.” ही माफी चेंडूसाठी होती की माझ्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

आता लबाडी नको म्हणून त्यांनी शिक्काही नवा करवून घेतला. शब्द रेणूचे होते: ‘निमजेंच्या फरशीवर पास. आपली जमीन आपण मोजावी.’ गल्लीत कोणी भेटलं की ते तळहातावर शिक्का मारून दाखवत.

पुढच्या जानेवारीत करडीच्या मंडळाने तो शिक्का नीट वाचला. जमीन आपल्यालाच मोजायची आहे तर चेंडू कुठलाही चालेल, असं ठरलं, आणि दोन डझन बिनशिक्क्याचे चेंडू तुमसरच्या बाजारातून आले. वरठीनेही तेच केलं. भैय्यालालजींच्या दुकानात आता चेंडूंऐवजी शाळेची दप्तरं मिळतात.