शेंदूर लागलेला खांब

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, पेठच्या डोंगरात जायचं ठरलं ते यशवंतभाऊंमुळे. ते आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळतात. त्यांचं गाव पेठच्या पलीकडे, नदीकाठी. नुकत्याच मंजूर झालेल्या धरणात ते अख्खं बुडणार आहे. "मॅडम, एकदा बघून तरी घ्या," ते म्हणाले. बुडणारं गाव 'बघायला' जाणं मला बरं वाटेना. तरी गेले.

एसटी आपल्या शहरातल्या पेठ नाक्यावर मिळते. तिथेच धरणाचं भलंमोठं होर्डिंग आहे: सर्वेक्षणाच्या खांबापुढे हात जोडून उभ्या असलेल्या बाया आणि खाली 'आदिवासी बांधवांनी केले प्रकल्पाचे स्वागत'. खरं सांगते, ते वाचून मला हलकं वाटलं. लोकांना चालणार असेल तर आपण कशाला जीव जाळायचा?

घाटाचा रस्ता चांगला आहे, खिडकीची जागा धरा. पेठला जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेवढ्यात चहा-भजी उरकून घ्या. शेवटचा टप्पा पायी, त्यामुळे बूट हवेतच. लॉज नाही, ओळख असेल तरच मुक्काम. आम्हाला यशवंतभाऊंच्या आईने, काळूमावशींनी, नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी वाढली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुपारी सगळं गाव शिवेवर निघालं. तिथे वाघदेव आहे. उभ्या लाकडी फळीवर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. त्याला लागूनच सिमेंटचा खांब, शेंदराने माखलेला. मी ओळखला.

"हा तर होर्डिंगवरचा!"

"तोच," काळूमावशी म्हणाल्या. "मागल्या साली बारशीच्या आदल्या दिशी साहेब लोकांनी रोवला. शिवेवर उभं आसंल त्याला शेंदूर लावायचा, ही आमची रीत. लावला. एक जण फोटो काढत होता. म्हटलं, काढू दे बापड्याला."

पुढचं यशवंतभाऊंनी सांगितलं. जनसुनावणीत ते विरोध करायला उठले, तेव्हा साहेबांनी तोच फोटो वर धरला. "अहो, तुमच्याच आईसाहेबांनी पूजा केलीय की!" मंडप हसला. यशवंतभाऊ खाली बसले. काही महिन्यांत मंजुरी आली.

आता ते खांबाला हात घालून उभे होते. "आये, यंदा उपटूनच टाकतो."

"शेंदूर लागला ना त्याला? मग देव झाला तो. देवाला उपाशी ठेवशील?"

"हा देव आपल्याला बुडवणार हाय!"

"मंग वाघ काय लय गोड होता? गाया खायचा आपल्या. तरी पूजलाच ना?"

कुणीतरी मागून ओरडलं, "वाघ निदान सुनावणी तरी घेत नव्हता!" सगळे हसले. यशवंतभाऊंनी हात काढून घेतला. ते हसले नाहीत.

मी मोबाइल वर केला होता. काळूमावशींनी तो पाहिला. "बाई, ते आत ठेव."

मग बायांनी खांबाभोवती कडं केलं, पाठी आमच्याकडे करून. आतून नारळ फुटल्याचा आवाज तेवढा आला.

परतीच्या एसटीत यशवंतभाऊ माझ्या शेजारी खिडकीशी बसले. पेठ नाका आला तेव्हा त्यांनी मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, "पण पाणी शेवटी आपल्याच बाजूला येणार ना?" हो, त्यातलं काही येणार आहे. कदाचित आमच्या नळालाही. मी तो बंद ठेवणार आहे का? नाही.

"आणि विरोध आहे, तर यंदा पुन्हा पूजा कशी?"

मी रीत समजावू लागले. वाघ, शेंदूर, शीव. दुसऱ्या वाक्यालाच मला माझंच बोलणं लंगडं वाटू लागलं. तो म्हणाला, "फोटो दाखव ना."

फोटो नाही. म्हणून या पोस्टलाही नाही. बघायचाच असेल तर पेठ नाक्यावर मोठा लावलेला आहे. त्यात उजवीकडून पहिल्या, डोळे मिटून उभ्या आहेत, त्या काळूमावशी.