हृदय हातासारखं भरून येत नाही

नले, उषे, पन्नासच्या दशकात अंधेरीच्या आपल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी बकऱ्याचं हृदय कापून दाखवलं, तेव्हा आपण तिघी नाकाला रुमाल लावून बसलो होतो. पण हृदयाचा स्नायू मेला की परत येत नाही, हे पक्कं शिकलो.

महिन्यापूर्वी मला हार्ट अटॅक आला. आज डॉक्टर म्हणाले, “आजी, गेल्या वर्षी मोडलेला तुमचा हात प्लॅस्टर काढल्यावर व्यायामाने भरला ना? तसंच हृदयही भरेल.” मुलगा मान डोलवत होता.

“हृदय हातासारखं नसतं,” मी म्हटलं.

“आई, तू नको ना डोकं चालवूस!”

माझंच हृदय, आणि माझ्याशीच खोटं! तुमच्याही घरी असंच चालतं का गं?

नले, मी गेल्यावर माझा मायक्रोस्कोप तुझ्या नातीला. उषे, मोत्यांच्या कुड्या तुला. घर मुलाला मिळेलच. तब्येतीची खरी बातमी मात्र तुम्हा दोघींनाच. त्याला मी “बरी आहे” एवढंच सांगणार.