स्लॅबवर न भरलेलं पाणी

शिरूर कासारला मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत नोकरीला होतो. तयार घर सभासदाच्या ताब्यात जाण्याआधी ते तपासून सही करायची, हे माझं काम. हातोडीनं भिंती ठोकायच्या, ओळंबा लावायचा आणि शेवटी स्लॅबवर मातीचं आळं करून त्यात दिवसभर पाणी साठवायचं. खाली ओल आली नाही, तर छत पास.

त्या वर्षी टँकर दर चौथ्या दिवशी येई. पाण्याची चाचणी कुणी मागत नसे, मीही करत नव्हतो.

एक बाई मात्र अडून बसली. तिनं आणि नवऱ्यानं आठ हंगाम ऊस तोडून दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. दारात चार हंडे भरून ठेवले होते.

"सायेब, निदान मधल्या भागात तरी भरून बगा. दोन टँकरच्या वाटणीचं साठवलंय."

"बाई, लोकांना प्यायला नाही आणि तुम्ही छतावर ओतताय?"

ती ओशाळली. शेजारच्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी सही केली.

खरी गोष्ट वेगळी होती. स्लॅब पक्का व्हायला निदान दोन आठवडे पाणी मारावं लागतं; त्या स्लॅबला जेमतेम दोन दिवस मारलेलं मी स्वतः पाहिलं होतं. पण ते घर बांधणारा ठेकेदार दर रविवारी माझ्या भाड्याच्या खोलीच्या दारात येऊन ओरडायचा, "काय बे इंजिनेर, एकटाच गिळतो का? चल, भाकरी टाकलीय." त्या गावात मला जेवायला बोलावणारा तो एकच माणूस होता. ते घर नापास केलं असतं, तर आठवडाभर माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नसतं.

पुढल्या साली परतीचा पाऊस पडला. मी आपण होऊन तिच्याकडे गेलो. छत ठिकठिकाणी गळत होतं. ज्वारीची पोती तिनं खाटेवर चढवली होती.

"या सायेब. तुमी वाचवलेलं पानी सगळं हितंच हाय बगा."

मला राहवलं नाही. "स्लॅब कच्चा आहे, हे मला तेव्हाच माहीत होतं," मी म्हणालो.

ती गळतीखाली भांडं ठेवता ठेवता थांबली.

"मंग तवा कावून न्हाई बोललात?"

मी खाटेवरचं एक पोतं उगाच सरळ केलं.

"जाऊ द्या. आता ह्येच कागदावर लिहून द्या. मंग संस्था ठेकेदाराकडून नवा स्लॅब टाकून घील. आमचं तोंडी कोन ऐकतंय?"

तिचं बरोबर होतं. दोन ओळींचं काम होतं, पण त्यात माझी नोकरी जाणार होती. "उद्या आणून देतो," म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती कचेरीच्या पायरीवर दुपारपर्यंत बसून राहिली. मी मागच्या दारानं निघून गेलो.

दसरा झाला आणि ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक तिची टोळी घेऊन साखर कारखान्यावर गेला. संध्याकाळी मी त्या गल्लीतून चाललो होतो. सगळ्या घरांना कुलपं होती, तिच्याही. ते कुलूप पाहून मला हायसं वाटलं, आणि त्या रात्री मी गाढ झोपलो.