भोंगा झाल्यावरचा रस्ता

“रस्ता काय तुज्या आज्याचा हाय?”

हे वाक्य मामांनी आयुष्यात जितक्या वेळा उच्चारलं, तितक्या भाकऱ्याही सोलापुरात भाजल्या गेल्या नसतील. आमच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात ते कामाला होते आणि मी ऑफिसात कारकून. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, पण जॉबरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळी गिरणी त्यांना मामाच म्हणायची.

मामा पायी यायचे आणि रस्त्याच्या मधोमध चालायचे. कडेनं शेरडं चालतात, असं त्यांचं मत. मागून टांगा येवो, बैलगाडी येवो की उसाचा ट्रक, मामा मान वळवायचे नाहीत. नुसता तळहात मागं करायचे. एकदा हैदराबादचा ट्रक त्या तळहातापुढं असा करकचून थांबला, की टपावर झोपलेला क्लीनर उडून थेट मामांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. मामांनी त्यालाच विचारलं, “रस्ता काय तुज्या आज्याचा हाय?” खोटं वाटत असेल, तर तुम्ही त्या काळी सोलापुरात नव्हता, एवढंच.

पुढं मामांनी जुनी सायकल घेतली. तिला ब्रेक होते, पण ते नुसता सल्ला द्यायचे. ऐकायचं की नाही, हे चाक ठरवायचं. आणि दुसऱ्या दिवसापासून शहरातली पायी चालणारी समस्त माणसं आंधळी झाली.

“कडंनं चालायला काय हुतंय ओ ह्यास्नी?” मामा माझ्यापाशी कडाडले.

“मामा, गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हीच मधनं चालत होता की.”

“मी बघून चालत हुतो,” मामा म्हणाले. इतकं धडधडीत खोटं इतक्या शांतपणे बोलणारा माणूस मी आरशाबाहेर दुसरा पाहिलेला नाही.

आता आमच्या गिरणीच्या सायकलींची रीत सांगायला हवी. भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा सुटायचा. एका ओळीत चौघं-पाचजण, आणि प्रत्येकाचा हात शेजारच्याच्या खांद्यावर. दिवसभर यंत्रांच्या गदारोळात बोलता येत नसे, त्यामुळं साठलेलं सगळं बोलणं घरी जाता-जाता व्हायचं. खांदा धरला की कान जवळ येतो. एखादा फारच दमला असला, तर पायडल न मारताही शेजाऱ्यांच्या जिवावर घरी पोचायचा. मामांचा हात कायम नरसय्याच्या खांद्यावर. नरसय्या सूत कातायच्या साच्यांवर तुटलेले धागे सांधायचा. घरात तेलुगू बोलायचा, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम.

मामांच्या खात्यात कापसाचे तंतू धुक्यासारखे तरंगायचे. त्यानं मामांना असा खोकला लागला होता की एका खेपेला भोंगा बिघडला, तर लोक त्या खोकल्यावर कामाला आले. डॉक्टर म्हणाले, खातं बदला. खातं बदलून कोण देतो? पण मॅनेजरसाहेबांचा म्हातारा ड्रायव्हर त्याच सुमारास घरी बसला, आणि मामांनी आपल्या गावी, वैरागला असताना ट्रॅक्टर चालवल्याचं साहेबांच्या कानावर घातलं. लायसन निघालं. परीक्षा म्हणून मामांनी काळी ॲम्बॅसिडर गिरणीभोवती फिरवून आणली, तेव्हा बॉनेटवर कुणाचं तरी धोतर वाळत होतं. साहेब म्हणाले, “हात बरा आहे.”

दोन महिन्यांत खोकला गेला. मामी ऑफिसच्या दारात पेढे घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “भावजी, ह्येंला जरा सांगा की. कायबी हू दे, ही गाडी सोडू नका म्हनावं. रात्रीचं झोपत्यात आता.”

मामा गाडी सोडणार नव्हतेच. खाकी कपडे, पितळी बटणं, आणि हाताखाली तो हॉर्न! तो वाजला की विजापूर वेशीतल्या म्हशी पान्हा चोरायच्या. पायी चालणारे आंधळे होतेच, आता सायकलवाले बहिरे झाले. “हारीनं जात्यात लेकाचे, वरातीवानी!” मामा करवादायचे. ते स्वतः त्याच हारीतले, हे हॉर्नच्या आवाजात त्यांना आठवत नसावं.

एकदा भोंग्यानंतर साहेबांना आणायला निघालेले मामा त्या लोंढ्याच्या पाठीवर आले आणि त्यांनी हॉर्नवर पंजा ठेवला. पुढची ओळ बिचकली. खांद्यावरचा एक हात सुटला आणि पाचही जण एकमेकांवर कोसळले. तळाशी नरसय्या होता, मनगट सायकलीखाली.

मामा धावले. नरसय्यानं वर पाहिलं. “काय मामा,” तो कण्हत म्हणाला, “आज्याचा रस्ता आज तुज्या सायबाच्या नावावर केलास काय रे?”

लोक हसले. मामा हसले नाहीत. ते वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. नरसय्याचं मनगट जुळलं, पण वाकडं. धागा सांधायला बोटं पुरेनात, म्हणून गिरणीनं त्याला फाटकावर पहाऱ्याला बसवलं.

आणि मग तो दिवस आला. साहेबांना मुंबईची गाडी गाठायची होती. मालकांपुढं उभं राहायचं होतं. कागदांची बॅग घेऊन मी पुढं मामांशेजारी. निघायला उशीर झाला, आणि फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच भोंगा झाला. बघता-बघता पुढं, मागं, दोन्ही बाजूंना सायकलीच सायकली. मामा मुंगीच्या पावलानं चालले.

“अरे, हॉर्न दे!” साहेब म्हणाले.

“न्हाय सायेब.”

“नाही म्हणजे?”

“पोरं बिचकत्यात.”

“बिचकू देत! माझी गाडी जाईल.”

“खांद्यावरचा हात सुटतो, सायेब.”

साहेबांना यातलं अक्षर कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं. ते कधी कुणाच्या खांद्यावर हात टाकून घरी गेले नव्हते. ते उठले, मागच्या सीटवरून वाकले आणि स्वतःच हॉर्न दाबायला हात पुढं केला. मामांनी झटकन हॉर्नवर आपला तळवा वाटीसारखा पालथा घातला. साहेब दाबताहेत, ठोकताहेत, आणि खाली मामांचा हात. एवढ्या मोठ्या गिरणीचा मॅनेजर घामाघूम होऊन एका माणसाच्या हातावर गुद्दे मारतोय आणि आवाज म्हणून निघत नाही. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कारकुनाला तेवढंच येतं.

“उद्यापासून खात्यात जायचं,” साहेब शेवटी म्हणाले.

“व्हय, सायेब,” मामा म्हणाले. हात त्यांनी स्टेशन येईपर्यंत काढला नाही. एका हातानं गाडी चालवली. मुंबईची गाडी गेली होती.

मामा परत कापसाच्या धुक्यात गेले. महिन्याभरात खोकलाही आपली जागा ओळखून परतला. मामी ऑफिसात येईनाशा झाल्या. मी एकदा मामांना म्हटलं, “दाबू द्यायचा होता की हॉर्न. तुमच्या हातून थोडाच वाजला असता?”

“सायेबाला काय ठावं, काय हुतंय त्ये,” मामा म्हणाले. “मला ठावं हुतं की.” आणि खोकत बसले.

गंमत पुढंच आहे. त्यानंतर साहेब कुठंही जायचं असलं तरी भोंग्याच्या आधी निघू लागले. कारण कुणाला सांगितलं नाही. “मला स्टेशनवर जरा निवांत बसायला आवडतं,” म्हणायचे. सोलापूर स्टेशनात निवांत बसायला आवडणारा भूतलावरचा हा एकमेव इसम.

मामा पुढं वैरागला गेले आणि एका हिवाळ्यात तिथंच वारले. नरसय्यानं फाटकावर मला सांगितलं, मी दुपारी साहेबांना सांगितलं. त्या दिवशीही त्यांना मुंबईला जायचं होतं. बॅग घेऊन मी पुढं होतोच.

स्टेशनाच्या आवारात शिरताना वाटेत टांगा आडवा उभा. घोडं हौदात तोंड घालून पाणी पीत होतं. नव्या ड्रायव्हरनं हॉर्नकडं हात नेला.

“राहू दे,” साहेब म्हणाले. “पिऊ दे त्याला.”

घोडं तहानलेलं होतं, आणि त्याला मुंबई गाठायची नव्हती. आमच्यामागं आणखी दोन मोटारी येऊन थांबल्या आणि बोंबलू लागल्या. साहेबांनी काच वर केली.