झूलवाल्याचं इंजिन

माझ्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, साऱ्या हयातीत एकही गोष्ट जशी घडली तशी सांगितली नाही, आणि तरीही वाडीत त्यांच्या शब्दाइतका भरवसा दुसऱ्या कुणाच्या शब्दावर नव्हता. कान्हे गावाजवळच्या त्या वाडीत मी शाळामास्तर म्हणून गेलो तो साठ सालच्या आसपासचा काळ. राहायला अर्थातच आत्याकडे. आतोबा देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुटी झाली की ते परस्पर पुण्याला जाऊन सिनेमा बघत, आणि रविवारी दिवस कलला की ओट्यावर बसून तो सिनेमा वाडीला सांगत. सांगत म्हणजे काय, तर पडद्यावर अडीच तासांत संपलेला सिनेमा आतोबांच्या तोंडून चार रविवार चालायचा. राजवाडा कुठल्याही मुलखातला असो, आतोबांच्या सिनेमात तो लोहगडावर असे, आणि खलनायकाचा बंगला हटकून खंडाळ्याला. तलवारबाजीसाठी ते तवा आणि उलथनं घेऊन बसत. मध्येच कुणी खोकला, तर ते थांबून त्याच्याकडे असे बघायचे की बिचारा पुढचा खोकला गिळून टाकायचा. एकदा नायिकेचा भाऊ विषमज्वराने अंथरुणाला खिळलेला असताना त्यांनी त्या रविवारचं सांगणं थांबवलं, तर वरच्या ठाकरवाडीतला एक म्हातारा, त्याला सगळे आबा म्हणत, बुधवारी डोंगर उतरून खाली आला. "भाऊ, त्ये पोरगं कसं हाय आता?" आतोबांनी गंभीरपणे सांगितलं, "ताप उतारलाय. पेज घेतली सकाळी." आबा निश्चिंत होऊन परत गेला.

या सगळ्या कारभारापासून एकच माणूस फटकून असे, ती माझी आत्या. ओट्यावर तीस माणसं श्वास रोखून बसलेली असताना ती आत दारालगत पाठ करून तांदूळ निवडत बसायची. कुणी बोलावलं तर म्हणायची, "मला हायेत की कामं. त्यांच्या थापांनी पोट भरतंय व्हय?" आत्या म्हणजे सरळ रेघ. भांडणात कुणाचं चुकलं हे विचारायला शेजारच्या बायका तिच्याकडे यायच्या, कारण ती नवऱ्याचीही बाजू घेणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. आतोबांना मनातून याचं फार लागायचं. "सारी वाडी ऐकतीया मास्तर, पन घरात पालथा घडा हाय," असं ते मला म्हणत, आणि हसत, पण ते हसणं काही खरं नसे.

त्या वर्षी तोंडावर काळा मुखवटा आणि पाठीवर लांब झगा घालून आकाशात उडणाऱ्या एका वीराचा सिनेमा आला. त्याची इतकी हवा झाली होती की लोणावळ्याच्या बाजारात हातगाडीवर त्याचं दोन पुरुष उंच चित्र उभं करून ढोल वाजवत फिरवत होते. आतोबांनी तो पुण्यात आधीच बघितला आणि सांगायला घेतला. पाठीवरच्या झग्याचं वर्णन ऐकून एका बाईने विचारलं, "म्हंजे पोळ्याच्या बैलावानी झूल?" झालं, तेव्हापासून त्याचं नाव झूलवाला पडलं. तिसऱ्या रविवारी आतोबांनी कळस केला. घाटात पूल उडवलेला, त्यावरून वऱ्हाडाची गाडी येतेय, आणि झूलवाला खालून येऊन इंजिन दोन हातांनी उचलतो, मागचे डबे माळेसारखे लोंबताहेत, तशी सगळी गाडी दरीवरून उडत पलीकडे नेऊन रुळावर ठेवतो. "आनि मंडळी," आतोबा खालच्या आवाजात म्हणाले, "आतल्या करवलीच्या हातातला दिवा इझला न्हाई." अंगावर काटा माझ्याही आला होता, आणि मी तर शिकलेला माणूस.

आणि मग तो सिनेमा लोणावळ्यातच लागला. आजवर असं कधी झालं नव्हतं. आतोबांचे सिनेमे पुण्यात राहायचे आणि वाडी वाडीत. पण इंजिन उडताना डोळ्यांनी बघायचं, असं वाडीने एकमुखाने ठरवलं, आणि आतोबांची झोप उडाली. थेटरात ढेकूण आहेत, सिनेमा झिजलेला आहे, आवाज घोगरा येतो, असं त्यांनी परोपरीने सांगून पाहिलं. लोक म्हणाले, ढेकूण काय घरात नाहीत? शेवटी एका संध्याकाळी ते मला गोठ्यामागे घेऊन गेले. "मास्तर, त्यात विंजिन उडत न्हाई." मी म्हटलं, मग काय होतं? "झूलवाला बिरेकचा दांडा वढतो. गाडी थांबती. बास." त्यांचा चेहरा पाहून मला हसूही येईना. इतकी वर्षं जपलेला शब्द रविवारच्या तीनच्या खेळाला सगळ्यांदेखत फुटणार होता.

रविवारी बावीस माणसं कामशेतच्या फलाटावर उभी होती. भाकरी फडक्यात बांधून आबा पहाटेच डोंगर उतरला होता. त्याने जन्मात सिनेमा पाहिलेला नव्हता. आणि सगळ्यांत शेवटी, ठेवणीतलं लुगडं नेसून, आत्या आली. का आलीस, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. आतोबांनी तिला पाहिलं आणि त्यांचा होता नव्हता तो रंग उडाला. रोज रखडणारी पॅसेंजर त्या दिवशी मात्र वेळेवर आली.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमचे बाक गप्प झाले. झूलवाला उडाला खरा, पण दोरीला टांगलेल्या बाहुलीसारखा, आणि ती दोरीही दिसली. लोहगड नव्हता, खंडाळा नव्हता. तरी कुणी हालेना, कारण इंजिन अजून यायचं होतं. कुठे शिट्टी ऐकू आली की मागून आबा कुजबुजे, "आता का, भाऊ?" आतोबा म्हणत, "जरा दम धरा." अखेर घाट आला, गाडी आली, सगळे पुढे वाकले, आणि तेवढ्यात पडदा पांढरा झाला. फिल्म तुटली होती. शिट्ट्या झाल्या, पुढच्या बाकांवरून शिव्या आल्या. थोड्या वेळाने चित्र परत सुरू झालं, तेव्हा झूलवाला दांड्याला हात लावून उभा होता आणि गाडी निमूट थांबलेली होती.

बाहेर आल्यावर रस्त्याकडेच्या झाडाखाली सगळे गोळा झाले. मग आबाने, रागाने नव्हे, अगदी काकुळतीने विचारलं, "भाऊ, त्ये विंजिन कुटं गेलं?"

आतोबा पायातली वहाण नीट करायला खाली वाकले. आणि आत्या बोलली. "त्ये मधी पांढरं झालं न्हवं? तितंच व्हतं ते. तुटलं त्यात गेलं."

आत्याचा शब्द तो. बावीस चेहरे उजळले, आणि लगेच तापले. म्हणजे थेटरवाल्याने फसवलं. दोघंतिघं बाह्या सारत माघारी वळले. मशीन चालवणारा माणूस जिन्याखाली विडी ओढत उभा होता, त्याच्याकडे बोट करून एक जण म्हणाला, "चला, ह्यालाच इचारू." तो भेदरून भिंतीला टेकला. आतोबा चार ढांगांत मधे जाऊन उभे राहिले.

"त्याला हात लावू नगा. त्यात विंजिन नव्हतंच. ते म्या उडावलं, माझ्या मनानं. आनि ही," त्यांनी आत्याकडे न बघताच हात केला, "ही माझी अब्रू राखायला खोटं बोलतीया."

परतीच्या गाडीत वाडीची माणसं आमच्यापासून लांबच्या बाकांवर जाऊन बसली. आबाने भाकरीचं फडकं न सोडता तसंच परत नेलं.

वाडीचा राग पोळ्यापर्यंत टिकला. मग एका रविवारी एकेक जण ओट्यावर येऊन बसू लागला. आबा म्हणाला, "तेंचं ऱ्हाऊ द्या. तुमचंच सांगा." आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही त्यांचं फार कौतुक वाटलं होतं. त्यांनी खरं बोलून त्या मशीनवाल्याला वाचवलं, आणि आयुष्यभर खऱ्याला चिकटलेली आत्या त्यांच्यासाठी खोटं बोलली, यापेक्षा मोठं काय असायचं? न राहवून एकदा मी आत्याला तसं म्हणालो. आतोबा बाहेर पान लावत होते.

आत्या तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मी कुटं खोटं बोलले? मला वाटलं, तितंच व्हतं. पडदा पांढरा झाला तवा मी डोळं मिटलं व्हतं. म्हनलं, आलं आता." एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "मला तर त्यो दिवाबी दिसला."

बाहेर अडकित्त्याचा आवाज थांबला. पालथा घडा म्हणून ज्या बाईला आतोबांनी जन्मभर हिणवलं, तिने प्रत्येक शब्द खरा धरला होता, आणि तिलाच त्यांनी बावीस माणसांत खोटं पाडलं होतं. आतोबांचा राग मला त्या एकाच दिवशी आला, आणि कीवही त्याच दिवशी. माफी मागणं त्या पिढीतल्या नवऱ्यांना येत नव्हतं. त्यांना तर गोष्टीखेरीज काहीच येत नव्हतं.

त्यानंतरही रविवारी ओटा भरायचा, तवा वाजायचा. सांगता सांगता आतोबा मधेच दाराकडे तोंड करून आवाज चढवायचे, एखादा प्रसंग दोनदा सांगायचे. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला आता विसर पडतोय. आत घरात कुणी नसे. आत्या त्या वेळी पाण्याला जायची, आणि सांगणं संपल्याशिवाय परत यायची नाही.